काशीमामाचं अंथरूण

टेमघरच्या आमच्या घरात आमटीच्या वाटीत सुताचा तंतू सापडला नाही, असं जेवण मला आठवत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, कापडाच्या कारखान्यात लूमवर कामाला होते. शिफ्ट संपवून येताना ते कारखान्यातलं वेस्ट, म्हणजे तुटलेल्या सुताचे गुंते, पोत्यात भरून आणायचे आणि आई त्याच्या गाद्या शिवायची. एकच लांबट खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत वेस्टचा ढीग, खोलीत शिलाई मशीन, मशीनला लागून स्टोव्ह. आई गुंते पिंजायला बसली की खोलीभर पांढरं धुकं उठायचं. आम्ही तोंडाला फडकं बांधून काम करायचो. पण फडकं सोडून जेवायला बसलो की ते धुकं सावकाश भातावर उतरायचं. सुक्या जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी आणि कापूस, असं माझ्या लहानपणीचं जेवण. आई म्हणायची, पोटात गेला तर आतूनच गादी होईल, हाडं टोचणार नाहीत.

घराच्या तिन्ही बाजूंना लूम होते. त्यांची खटखट आम्हाला ऐकूच यायची नाही. लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबायचे, आणि त्या शांततेनं गल्लीतली तान्ही पोरं दचकून रडायला लागायची. दादांचे कान त्या खटखटीनं केव्हाच गेले होते. ते समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायचे आणि स्वतः मात्र पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे. आमचं घर बौद्ध. रविवारी विहारात वंदनेला जायचं, शाळा बुडवायची नाही, आणि भूत, करणी, अंगात येणं यातलं काही घरात बोलायचं नाही, एवढे दादांचे नियम. एकदा मला ताप उतरेना म्हणून आईनं शेजारणीच्या सांगण्यावरून माझी दृष्ट काढली, तर दादा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. त्या घरात मी वाढले, आणि त्याचा मला अभिमान होता. आजही आहे. पण पुढे जे घडलं त्यात त्या अभिमानाचाही हात होता, आणि ते मांडायला मला इतकं वय व्हावं लागलं.

आईच्या गाद्यांची खरी गिऱ्हाइकं होती काल्हेरच्या खाडीवरची, रेती काढणाऱ्या होड्यांवरची माणसं. ओहोटीला रेती काढायची आणि भरतीला झोपायचं, असा त्यांचा दिवस. मग ती भरती सकाळी येवो नाहीतर संध्याकाळी. बाकीचे किनाऱ्यावरच्या झोपड्यांत जाऊन पडायचे, पण इंजिन चोरीला जाऊ नये म्हणून एकाला तरी होडीतच झोपावं लागे. होडीतलं अंथरूण घरातल्यासारखं चालत नाही. ते अरुंद लागतं, वळकटी करून कोपऱ्यात बसणारं लागतं, आणि मुख्य म्हणजे वाळणारं लागतं. खाडीचं पाणी खारं. त्यात एकदा भिजलेला कापूस दिवसभर उन्हात टाकला तरी संध्याकाळी हात लावला की पुन्हा दमट. त्यामुळे सगळ्यात गरीब माणूस पेंढ्याचं पोतं न्यायचा. ओलं झालं की फेकून द्यायचं, दुसरं भरायचं. त्याहून बरं हवं असेल तर दोन गोणपाटांमध्ये वेस्ट घालून आडवेउभे टाके मारलेलं अंथरूण. आणि ज्याला परवडे तो खाली खताच्या गोणीतलं जाड प्लास्टिक लावून घ्यायचा. आईला ही सगळी माणसं त्यांच्या पाठींवरून ओळखू यायची. हा डाव्या कुशीवर झोपतो, याला उजवीकडे जास्त भर पाहिजे, असं ती मला शिवताना सांगायची.

आता मी काल्हेरलाच राहते, सातव्या मजल्यावर. सूनबाईनं परवा मोबाइलवरून गादी मागवली. खोक्यातून गुंडाळी निघाली, दोरी कापल्यावर ती श्वास घेतल्यासारखी फुगत गेली. सगळे कौतुकानं बघत होते. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. तिथून खाडी दिसते. भरती होती.

काशीनाथ आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा मी नववीत होते. अंबाडीच्या पुढे आतल्या गावचा शेतकरी माणूस. भात झोडून झालं की जानेवारीपासून पावसापर्यंत होडीवर यायचा. उंच, खांद्यात वाकलेला, आणि इतका हळू बोलणारा की दादांना त्याच्या ओठांवरूनही काही कळेना. त्यानं आईला ताई म्हटलं, आईनं त्याला भाऊ म्हटलं, म्हणून तो माझा काशीमामा झाला. पडवीत उकिडवा बसून त्यानं चहा घेतला आणि बराच वेळ काही मागितलंच नाही. मग आईनंच विचारलं, कसलं अंथरूण पाहिजे. तेव्हा तो म्हणाला, "जाड पायजे ताई. इतकं जाड, का खालचा आवाज वर येवाला नको."

आईला वाटलं, पाण्याचा आवाज म्हणतोय. पाणी नव्हे, तो म्हणाला. मग त्यानं जे सांगितलं ते मी वेस्ट पिंजता पिंजता ऐकलं. त्याचा धाकटा भाऊ भगवान त्याच होडीवर बुडीचं काम करायचा. तळात रोवलेल्या बांबूला धरून खाली जायचं, बादली रेतीनं भरायची, आणि भरली की बांबूवर ठोके द्यायचे. वरच्या माणसानं बांबूवर हात ठेवलेला असायचा. हाताला ठोके लागले की दोर ओढायचा. वरचा माणूस काशीमामाच होता. आदल्या मोसमाच्या शेवटी एकदा ठोके लागले, त्यानं दोर ओढला, बादली भरून वर आली आणि भगवान आला नाही. मागाहून इतर होड्यांवरच्यांनी त्याला बाहेर काढलं. काशीमामाला पोहता येत नव्हतं. तो डोंगराकडचा माणूस, भावानं बोलावलं म्हणून पाण्यावर आलेला. आणि आता नव्या मोसमात, भरती चढली आणि त्याचा डोळा लागला की होडीच्या तळातून कुणीतरी ठोकायचं. कधी दोनदा, कधी तीनदा. "माझा भाऊ मला वर काढ म्हनतो," तो म्हणाला, "आनि मी नुसता पडून राहतो."

आईनं विचारलं, मग तू तेव्हा करतोस काय. काय करणार, तो म्हणाला, उठून बसतो, होडीत साचलेलं पाणी उपसतो, विडी ओढतो, ओहोटीची वाट बघतो. होडीत पाणी साचतं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. लाकडी होडी थोडी गळायचीच. त्या पाण्याकडे आमच्यापैकी कुणी लक्ष दिलं नाही.

दादा तेवढ्यात शिफ्टवरून आले. आईनं त्यांना ओठ मोठे करून सगळं समजावलं. मला वाटलं आता दादा भूत नसतं यावर व्याख्यान देणार. त्यांनी ते दिलंच. पण थोडक्यात, आणि मग ते त्या अंथरुणाच्या विचारात पडले. त्यांना त्यातलं कळत होतं. आवाज कानानं ऐकू येतो असं लोकांना वाटतं, ते म्हणाले, मला विचारा, तो हाडातून येतो. लूम बंद आहे की चालू, हे त्यांना पायाच्या तळव्यांनी कळायचं.

सुरुवातीला आईनं काशीमामाला नेहमीचंच, पण दुप्पट वेस्ट घातलेलं अंथरूण दिलं. आठ दिवसांत तो परत आला. वेस्ट दबून चपाती झाली होती आणि ठोके तसेच येत होते. मग पेंढ्याचं करून पाहिलं. पेंढा स्वतःच कुरकुरायचा, त्या कुरकुरीत ठोके बुडायचे आणि काशीमामाला दोन-तीन भरत्या झोप लागली. पण पेंढा बसला, त्यात पिसवा झाल्या, आणि तो पुन्हा तसाच, लाल डोळ्यांनी पडवीत येऊन बसला. त्याच्या गालांची हाडं वर आली होती. होडीवरचे बाकीचे त्याला येडा काशी म्हणायला लागले होते. होडीचा मालक, ज्याला सगळे शेठ म्हणत, तोही हसून म्हणाला होता की तुझ्या भावाला खाली एकट्याला करमत नाही, जाऊन ये एकदा. काशीमामानं हे सांगितलं तेव्हा आईच्या हातातली सुई थांबली. ती उठली आणि तिनं त्याच्यासाठी भात वाढला. तेव्हापासून ते अंथरूण हे तिचं गिऱ्हाइकाचं काम राहिलं नाही.

तिसरं अंथरूण दादांनी मनात शिवलं आणि आईनं हातानं. लूमच्या पायाखाली धक्का खायला रबर घालतात, तसं अगदी खाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, एकाला एक जोडून. त्यावर गोणपाटाचे चार थर. त्यावर वेस्ट, पण सरळ पसरून नाही, तर हातभर चौकोनी पिशव्यांत ठासून, प्रत्येक पिशवीचं तोंड शिवून, म्हणजे भर इकडेतिकडे सरकायला नको. खालून आणि चारही बाजूंनी वीतभर वरपर्यंत प्लास्टिक, शिवणीवर डांबराचा हात. वरून ग्रे, म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं कापड, कारखान्यातून डागी म्हणून बाजूला टाकलेलं. त्यातल्या पिशव्या मी शिवल्या. बोटांना भोकं पडली. सगळं तयार झाल्यावर आई त्यावर आडवी झाली आणि मला म्हणाली, कडेला फरशीवर मार. मी बत्त्यानं मारलं. तिला काहीच जाणवलं नाही. ती तशीच डोळे मिटून हसली. आईला मी अशी दिवसा आडवी झालेली त्याआधी पाहिली नव्हती.

ते अंथरूण इतकं जड झालं होतं की काल्हेरच्या टेम्पोवाल्याला विनवून न्यावं लागलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून आईबरोबर मी गेले. दादांची ड्युटी होती. रेतीच्या ढिगांमधून, चिखलातून आम्ही होडीपर्यंत पोहोचलो तेव्हा भरती चढायला लागली होती. बाकीचे लोक झोपड्यांत जेवत होते. होडी छोटीशीच होती. मागच्या बाजूला बांबूच्या कमानी वाकवून त्यावर ताडपत्री बांधलेली, आणि तिच्याखाली एका माणसाला पाय पसरता येतील एवढी फळ्यांची जागा. आईला पाण्याची भीती होती, ती किनाऱ्यावरच बसली. मी आणि काशीमामा अंथरूण धरून फळीवरून आत गेलो. डिझेल, सुकत घातलेलं जाळं आणि कुजलेलं लाकूड यांचा मिळून एक वास होता. अंथरूण त्या जागेत असं चपखल बसलं की काशीमामानं कौतुकानं त्याच्या कडेवरून हात फिरवला.

मग तो म्हणाला, "पोरी, तू पड जरा. माझे कान आता खोटे झालेत. तुझे चांगले हायेत."

मी आडवी झाले. ताडपत्रीतून पिवळा उजेड येत होता. पाणी होडीच्या कडेला चाटत होतं, दूर कुणीतरी रेडिओ लावला होता. टेमघरच्या खटखटीतून आलेल्या मला ती शांतता जडच गेली. मी डोळे मिटले. होडी चिखलातून सुटून तरंगायला लागली, ते मला पाठीला कळलं. काही नव्हतं. उठावं असं मनात आलं, आणि तेव्हा माझ्या उजव्या खांद्याखाली, खूप खालून, ठक झालं. मी श्वास धरला. पुन्हा एकदा. मग थोडं थांबून आणखी एकदा. आवाज म्हणावा असंही ते नव्हतं, कुणी बंद दारावर बोटाच्या पेरानं मारावं आणि आपला हात त्या दारावर असावा, तसं. मी डोळे उघडले तेव्हा काशीमामा वाकून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काही नाही येत, मामा," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं."

मी असं का म्हणाले, हे मी स्वतःला पुढे हजार वेळा विचारलं आहे. आईची मेहनत फुकट गेली असं मला किनाऱ्यावर जाऊन सांगायचं नव्हतं. पण त्याहून मोठं कारण हे की मला लाज वाटली. आमच्या घरात भूत नव्हतं. दादांची मुलगी, वर्गात विज्ञानात पहिली येणारी, तिनं म्हणायचं की हो, मलाही ऐकू आलं? ऐकू आलं म्हणजे भगवान खाली आहे, असाच त्याचा अर्थ होतो, असं मला त्या वेळी वाटलं. दुसरा काही अर्थ असू शकतो, हे पंधरा वर्षांच्या मला सुचलं नाही. काशीमामाच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. तो होडीच्या कडेवर बसला आणि स्वतःशीच म्हणाला, "मंग माझ्याच डोक्यात हाय ते. बरं झालं." मला उतरवून देताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. परत जाताना आईनं विचारलं, कसं झालं गं. मी म्हटलं, छान.

आठवड्याभरानं काशीमामा टेमघरला आला. गावाहून आणलेले वाल आणि हातसडीचे तांदूळ घेऊन आला होता. त्याची दाढी केलेली होती, गाल भरले होते. आईनं वालाचं बिरडं केलं, दादा मुद्दाम वेळेवर आले. काशीमामा सांगत होता की आता असा झोपतो की ओहोटी लागली तरी जाग येत नाही, पोरं येऊन हलवतात तेव्हा उठतो. कधी कधी झोपेत ठक झालंसं वाटतं, पण मग ही पोरगी काय म्हणाली होती ते आठवतं आणि कूस बदलतो. हे तो माझ्याकडे बघून, हसून म्हणाला. दादांनी टाळी द्यायला हात पुढे केला. सांगावं असं मनात आलं. तोंड उघडलंही होतं. पण आई म्हणाली, मामाला भात वाढ, आणि मी उठून भात वाढला. नर्सच्या नोकरीत पुढे किती माणसांच्या मरणाजवळ मी उभी राहिले. पण सांगता येण्यासारखी वेळ म्हटली की मला तो भाताचा डावच दिसतो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी बातमी आली. मी शाळेतून आले तेव्हा होडीवरचा एक माणूस पडवीत उभा होता आणि आई जमिनीवर बसली होती. सकाळच्या भरतीला होडी बुडाली होती. तळातून पाणी आत येत राहिलं, आणि ते उपसणारा माणूस झोपेत होता. एरवी पाण्याचा पहिला थेंब पाठीला लागला असता तरी तो उठला असता. पण आईनं अंथरुणाला खालून आणि कडांना वीतभर प्लास्टिक लावलं होतं. पाणी चारही बाजूंनी चढलं तरी काशीमामा कोरडाच राहिला. मग होडी एकदम कलंडली आणि ताडपत्रीसकट तो खाली गेला. किनाऱ्यावरचे धावले, त्यांनी बुड्या मारल्या, पण ताडपत्री कापून त्याला बाहेर काढेपर्यंत काही उरलं नव्हतं. तो माणूस हे सगळं सांगून म्हणाला, भगवाननं ओढून नेला त्याला. सगळे तेच म्हणत होते. शेठही तेच म्हणत होता, आणि त्याला ते सोयीचं होतं.

दोन दिवसांनी अंथरूण आमच्या दारात आलं. होडीवर ते कुणाला नको होतं आणि फेकून द्यायची कुणाची छाती नव्हती. दादांनी पडवीत बसून त्याची शिवण उसवली. पिशव्या वरून भिजल्या होत्या, पण प्लास्टिक कुठे फाटलं नव्हतं, एकही शिवण सुटली नव्हती. त्यातला ओला कापूस हातात घेऊन ते बसले. आईनं त्या दिवसानंतर होडीसाठी एकही अंथरूण शिवलं नाही. परकर, लंगोट, पिशव्या, मिळेल ते शिवायची. पण वेस्टला हात लावायची नाही. मग आमच्या आमटीत तंतू सापडेनासे झाले. तिला वाटत होतं की तिच्या प्लास्टिकनं तो माणूस मारला. ती मरेपर्यंत तिला तसं वाटत राहिलं. तिचा यात वाटा होता त्याहून माझा मोठा होता, हे मी तिला सांगितलं असतं तर तिचं ओझं थोडं तरी कमी झालं असतं. मी सांगितलं नाही.

दादा मात्र काल्हेरला गेले. होडी ओढून किनाऱ्यावर उलटी घातली होती. घरी येऊन ते हातपाय न धुताच बसले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले की मागच्या बाजूला तळाची एक फळी सुटली होती, खिळे गंजून गेले होते, मी हातानं उचलून सोडली, तर हाताला ठक लागलं. भरतीचं पाणी खालून आलं की ती उचलायची आणि आपटायची, आणि दर आपटण्याला थोडी आणखी सुटायची. मग म्हणाले, "तो सगळ्यांना सांगत होता की आवाज येतो. आणि आपण सगळे त्याला काय सांगत होतो? की भूत नसतं. अरे, भूत नसतं म्हणजे आवाज नसतो असं थोडंच आहे. मी तरी जाऊन बघायला पाहिजे होतं. मी त्याला कापूस दिला."

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. दादा माझ्याकडे वळले, माझे ओठ नीट दिसावेत म्हणून थोडे जवळ सरकले आणि त्यांनी विचारलं, "तू त्यात झोपून बघितलं होतंस ना? तुला काही ऐकू आलं होतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. ओठ हलवायची मला हिंमत झाली नाही.

दादा गेले, आई गेली. रेतीची कामं बंद झाली, किनाऱ्यावर गोडाऊनं उभी राहिली. मी नर्स झाले, संसार केला, निवृत्त झाले. या सगळ्या वर्षांत मला भूत कधी दिसलं नाही. पण उजव्या कुशीवर मला झोप येत नाही. वॉर्डात कुणी म्हातारी म्हणाली की बाई, छातीत काहीतरी वाजतंय, आणि डॉक्टर म्हणाले की काही नाही हो तिला, तर मी दर खेपेला पुन्हा जाऊन बघायची. माझ्याबरोबरच्या मुली मला हसायच्या. काही वेळा खरंच काही नसायचं.

गेल्या हिवाळ्यात मी काशीमामाच्या गावी गेले. अंबाडीला उतरून रिक्षा केली. घर शोधायला वेळ लागला नाही, कारण मी नाव सांगितल्यावर रिक्षावाला सहज म्हणाला, येड्या काशीचं घर ना. मला ते वाक्य लागलं. इतक्या वर्षांनीही. मामी आता ऐंशीच्या घरात आहे. अंगणात सूप मांडीवर घेऊन वाल निवडत होती. मी कोण ते सांगितलं तर तिनं आईचं नाव बरोबर घेतलं. तिनंच मग सांगितलं की नातवाचं लग्न दोनदा मोडलं, मुलीकडच्यांना कुणीतरी सांगतं की या घरात येड आहे, आजा भुताच्या नादानं पाण्यात गेला. दरवर्षी खाडीवर जाऊन नारळ सोडतात, भगवानच्या नावानं. तरी बोलणारे बोलतातच.

मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. फळीचं सांगितलं, दादा काय म्हणाले ते सांगितलं, आणि मग होडीत मी आडवी झाले तेव्हा मला काय ऐकू आलं आणि मी त्याला काय म्हणाले तेही सांगितलं. तिचे हात सुपात थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती, अंगणाच्या कडेला कोंबड्या होत्या तिकडे बघत होती. मी तयारी करूनच गेले होते. तिनं शिव्या दिल्या असत्या, ऊठ म्हणाली असती, तर मी ते घेऊन परत आले असते. मग ती म्हणाली, "तुला आयकू आला?"

"हो, मामी."

"तीनदा?"

"तीनदा."

"म्हंजे तो येडा न्हवता."

मी म्हटलं, नव्हता. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश, पण कुणाचा आधार न घेता उठली. घरात जाऊन मुलाला बोलावून आणलं, नातवाला बोलावलं, त्यांना माझ्यासमोर बसवलं. मुलगा पन्नाशीच्या आतबाहेरचा, बापासारखाच उंच, गोडाऊनचा टेम्पो चालवणारा. त्याला काही कळेना, तो आईकडे बघत होता. कुंपणापलीकडे चुलत घरातल्या दोघी बायका धुणं वाळत घालत होत्या, त्यांचं इकडे लक्ष गेलं होतं. मामीनं मला माफ केलं असं म्हटलं नाही. मीही मागितली नाही. ती माझ्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "आता परत सांग. पयल्यापासून. आनि आवाज आला, हे जरा जोरात सांग, त्या पल्याडच्यांना जाऊ दे आयकू."

मी जोरात सांगितलं.